गेटसमोरचा झेब्रा (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

साधना ए-203 (7:12): आत्ता आजी थोडक्यात वाचल्या. दूध घेऊन रस्ता ओलांडत होत्या, रिक्षाचा आरसा पिशवीला घासला. पिशवी फुटली, रिक्षावाला थांबलासुद्धा नाही. वॉचमनच्या खुर्चीत बसवलंय, हात थरथरतायत. आता तरी काही करणार का, की परत "मीटिंगमध्ये घेऊ"?

नेने काकू (7:14): शुभ सकाळ.

नेने काकू (7:15): अगो बाई, साधना, वरचं वाचलंच नव्हतं. कुठे लागलं नाही ना?

तावडे सी-104 (7:18): आधी गेटजवळची पांढरी गाडी हलवा.

सेक्रेटरी (7:31): सर्व सभासदांना नम्र विनंती, विषय गंभीर आहे, कृपया शांततेने घ्यावे. झेब्रा क्रॉसिंगसाठी वॉर्ड ऑफिसला दोन पत्रं दिली आहेत. पोच फाइलला आहे.

साधना ए-203 (7:33): पोच घेऊन रस्ता ओलांडायचा का?

मिलिंद बी-302 (7:35): आजींच्या दुधाने निदान एक पांढरा पट्टा तरी पडला. रस्ता सिमेंटचा झाल्यापासून पहिलाच.

साधना ए-203 (7:36): मिलिंद, प्लीज.

मिलिंद बी-302 (7:36): सॉरी ताई.

गोखले काका बी-501 (7:44): मुद्दा समजून घ्या. डांबरी रस्ता असताना पट्टे होते. काँक्रीट करताना ते गेले. ठेकेदाराने रस्ता करून दिला, पट्टे मारायचं काम राहिलं. हे पट्टे साध्या ब्रशने मारत नाहीत. थर्मोप्लास्टिक असतं, वितळवून गरम गरम ओततात, वर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणून रात्री दिव्यात चमकतात. रस्ता कोरडा लागतो. आज मे चालू आहे. जून लागला की विषय थेट दिवाळीनंतर.

शेट्ये बी-203 (7:47): काका, पट्ट्यांनी कोण थांबतो? नाक्यावर पट्टे आहेत, त्यावरच रिक्षा उभ्या असतात. स्पीडब्रेकरच पाहिजे.

वैद्य ए-401 (7:49): स्पीडब्रेकर नको!! माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, रोज रिक्षाने जातो.

गोखले काका बी-501 (7:53): वैद्य, तुम्ही ज्यावर आपटता तो स्पीडब्रेकर नव्हेच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, गाडी चढून अलगद उतरली पाहिजे. आपल्याकडे हातभर रुंदीचा ढीग घालतात. आणि त्यालाही ट्रॅफिक पोलिसांची ना-हरकत लागते. ते पालिकेकडे बोट दाखवतात, पालिका त्यांच्याकडे.

तावडे सी-104 (7:54): आधी गेटजवळची पांढरी गाडी हलवा.

शेट्ये बी-203 (7:58): नाक्यावर सिग्नल आहे ना, तिथून ओलांडायचं. शिस्त आपल्यालाही नको का?

साधना ए-203 (8:01): शेट्ये, डेअरी गेटसमोर आहे. नाका दीडशे पावलं. आजी दूध आणायला तीनशे पावलं जास्तीची चालणार, येताना परत तेवढीच? माणसं जिथून ओलांडतात तिथे पट्टे मारायचे, की पट्टे आहेत तिथे माणसांना पळवायचं?

गोखले काका बी-501 (8:06): साधनाचं बरोबर आहे. शिवाय सिग्नलची वेळ धरताना चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. आपला रस्ता 60 फुटी, म्हणजे साधारण 18 मीटर, 15 सेकंद झाले. आजींना तीस लागतात. अर्ध्यात आल्या की हिरवा माणूस लाल होतो.

मिलिंद बी-302 (8:07): दादरला 2020 पासून सिग्नलच्या दिव्यात फ्रॉकवाली बाई आहे. आजींसाठी काठीवाली मागूया.

नेने काकू (8:09): ती बाई मी पाहिली आहे. छान आहे.

देसाई सी-301 (8:12): बी विंगच्या लिफ्टचं काय झालं? तीन आठवडे.

सेक्रेटरी (8:13): देसाई साहेब, तुमची तीन महिन्यांची थकबाकी आली की लिफ्टचंही होईल. नम्र विनंती.

देसाई सी-301: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

शेट्ये बी-203 (8:15): वाचला आम्ही.

सेक्रेटरी (8:20): विषयावर येऊया. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आपली पत्रं वाचणारा नगरसेवकच नव्हता. आता जानेवारीत निवडणूक झाली, वॉर्डाला नगरसेविका आहेत. मी त्यांना भेटून येतो. पत्रात नेमकं काय मागायचं ते ठरवा.

गोखले काका बी-501 (8:26): टेबलटॉप क्रॉसिंग मागा. फूटपाथच्या उंचीला आणलेला सपाट ओटा, वर पट्टे. वेगही कमी होतो आणि म्हाताऱ्या माणसाला उतरचढ नाही.

शेट्ये बी-203 (8:28): आणि पाणी? पर्जन्यवाहिनीची जाळी बरोबर गेटसमोर आहे. ओटा घातला की पहिल्याच पावसात पाणी आपल्या कंपाउंडमध्ये.

गोखले काका बी-501 (8:30): ओटा आणि फूटपाथची कड यांच्यामध्ये पाण्याला फट सोडतात. वर जाळी टाकतात. पालिकेच्या 1916 नंबरवर फोन केल्याने हे होत नाही, नकाशा जोडावा लागतो. मी काढून देतो.

तावडे सी-104 (8:31): आधी गेटजवळची पांढरी गाडी हलवा.

साधना ए-203 (8:33): तावडे काका, किती वेळा तेच? कुणाची गाडी?

तावडे सी-104 (8:36): मी गॅलरीतून रोज बघतो. गेटच्या डाव्या हाताला गाडी असते. बाई गाडीच्या आडून रस्त्यावर येते तेव्हाच रिक्षावाल्याला दिसते. ब्रेक मारायला वेळच नाही. आज आजींचंही तेच झालं. पट्टे मारा, ओटा घाला, गाडी तिथेच असेल तर माणूस दिसणारच नाही. गाडी कुणाची ते ग्रुपवर लिहीत नाही, आमचे संबंध चांगले आहेत.

मिलिंद बी-302 (8:37): वॅगन आर.

नेने काकू (8:38): अय्या, गोखल्यांची?

(गोखले काका टाइप करत आहेत, थांबले, परत करत आहेत.)

गोखले काका बी-501 (8:52): दोन वर्षांपूर्वी पावसात कंपाउंडमध्ये पाणी भरलं, इंजिन गेलं. तेव्हापासून बाहेर लावतो. इमारतीखालच्या स्टिल्टमधली माझी जागा कुणाला दिली ते सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी (8:55): काका, ते सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. इतिवृत्त आहे.

शेट्ये बी-203 (8:56): त्या जागेवर माझी गाडी आहे. सभेत ठरलं होतं.

साधना ए-203 (9:03): आजी विचारतायत, दुधाचे चौतीस रुपये कोण देणार.

गोखले काका बी-501 (9:20): नकाशा काढतोय. गाडीची किल्ली वॉचमनकडे दिली आहे. मागच्या गल्लीत लावायला सांगा. स्टेअरिंग जड आहे, सांभाळून. आजींना अर्धा लिटर पोचवलं.

सेक्रेटरी (9:24): धन्यवाद काका. पत्रावर सह्यांसाठी कागद वॉचमनकडे आहे. आत्तापर्यंत 11.

तावडे सी-104 (9:41): आधी गेटजवळची पांढरी गाडी हलवा.

मिलिंद बी-302 (9:41): हलवली हो काका. गॅलरीत जाऊन बघा.

तावडे सी-104 (9:44): बघितलं. तिथे आता टेम्पो उभा आहे.