टॉवेल ओलेच राहतायत: घरच्या ग्रुपवरचे दोन दिवस

मावशीने कपडे वाळवायच्या ड्रायरबद्दलचं सगळं एकत्र मागितलं म्हणून ग्रुपवरून उतरवून ठेवतोय. दादा, वहिनी न्यू जर्सीत एडिसनला, आई सध्या त्यांच्याकडे. ताई कॅनडात मिसिसागाला, नाना काका साताऱ्यात, मावशी ठाण्यात, मी पुण्यात.

जानेवारी, शनिवार. एडिसनला सकाळ, आपल्याकडे रात्रीची जेवणं आटोपलेली.

वहिनी: ड्रायर जुना झाला की कपडे वाळायला जास्त वेळ लागतो का? महिनाभर टॉवेल दोनदा फिरवावे लागतायत. काल जीन्स तिसऱ्यांदा लावली. हे म्हणतात नवीनच घेऊ. पण मशीन जेमतेम सहा वर्षांचं आहे.

आई: कपडे चटका बसेल इतके गरम निघतात, पण शिवणीला आणि कमरपट्टीला ओलेच. त्या खोलीच्या खिडकीला आतून पाणी सुटतं, मी दोनदा पुसलं. काल जळकट वासही आला. इस्त्री जास्त तापली की येतो तसा.

ताई: मशीन आत्ता चालू आहे का?

वहिनी: हो, चादरी लावल्यात.

ताई: आधी बंद कर. मग बोलू.

वहिनी: केलं ताई. काय झालं?

ताई: आईने सांगितलं ते सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय. मशीन म्हातारं झालेलं नाही, त्याचा श्वास कोंडलाय. मागून जो पाइप भिंतीतून बाहेर जातो तो लिंटने, म्हणजे कपड्यांच्या झडलेल्या लवेने, भरलाय. तुमचा ड्रायर गॅसवरचा की विजेवरचा?

दादा: गॅसवरचा. पण ताई, लिंटची जाळी आम्ही दर वेळी साफ करतो. हल्ली तर तिच्यावर फारसं काही साठतही नाही.

ताई: साठत नाही ही चांगली खूण नव्हे रे. हवाच नीट ओढली जात नाही, मग लिंट जाळीपर्यंत येणार कशी? दाराच्या रबराभोवती बघ, तिथे राखाडी लव जमली असेल. आणि गॅसचा आहे म्हणून मी घाईने बंद करायला लावलं. बर्नरचा धूर त्याच पाइपातून बाहेर जातो. वाट बंद झाली तर तो घरात उलटतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. आई, त्या खोलीत असताना डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ असं काही?

आई: नाही गं. मी तिथे कपडे काढण्यापुरतीच जाते.

दादा: त्याच मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. बटण दाबून बघितलं, वाजतोय. खिडकीही उघडली. दाराच्या रबरावर खरंच लव आहे.

नाना काका: मी सांगू का? ड्रायर कपडे भाजून वाळवत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या एका घाण्यात दोन-तीन लिटर पाणी सहज असतं. उष्णतेने त्याची वाफ होते, पण ती वाफ घराबाहेर नेते हवा. गच्चीवर कपडे कसे वाळतात? ऊन असून वारा पडला तर वेळ लागतो, आणि वारा असेल तर ढगाळ दिवशीही वाळतात. पाइप तुंबला म्हणजे वारा पडला. मग मशीन तेच ओलं, गरम वाफारं कपड्यांवर फिरवत बसतं. म्हणून आईला कपडे गरमही लागतात आणि ओलेही.

आई: भाऊजी, आता कळलं. आणि त्या जाळीवरचा कापूस वातीच्या कापसासारखा मऊ असतो. मी म्हणणारच होते, टाकता कशाला.

नाना काका: वहिनी, वात पेटते तशीच ती लिंटही पेटते. आहे शेवटी कापूसच, कपड्यांचा झिजलेला. मी नोकरीत अकोल्याला होतो तेव्हा जिनिंगमध्ये रुईला लागलेली आग पाहिली आहे. एक ठिणगी पुरते. इथे तर त्याच कापसावरून गरम हवा जाते.

ताई: अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा अभ्यास केला होता. घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९००. त्यामागचं सगळ्यांत मोठं कारण, ३४ टक्के, साफसफाई न करणं. आणि सर्वाधिक आगी जानेवारीत.

वहिनी: जानेवारीच चालू आहे.

ताई: म्हणून तर. थंडीत जाड कपडे, ड्रायर जास्त चालतो. शिवाय पाइप गारठलेल्या भागातून जात असेल तर आत वाफेचं पाणी होतं आणि लिंट ओली होऊन भिंतीला लगद्यासारखी चिकटते. आता एक कर. मशीनवर नुसत्या थंड हवेचं सेटिंग असतं, बर्नर न पेटता ड्रम फिरतो. ते दोनच मिनिटं लाव, आणि एकाने बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडावरची झडप बघा. पूर्ण उघडून हवेचा झोत हाताला जोरात लागला पाहिजे.

(दहा मिनिटांनी)

दादा: बघून आलो. मागच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर आहे. झडप बोटभरच उचलते. हात धरला तर फुंकर मारल्याइतकी हवा. आणि झडपेच्या आत कुणीतरी बारीक तारेची जाळी बसवलीय, ती पूर्ण लिंटने लिंपलीय. आधीच्या मालकाने पक्षी येऊ नयेत म्हणून लावली असणार.

ताई: तीच मोठी गडबड. ड्रायरच्या पाइपाच्या बाहेरच्या तोंडावर जाळी लावू नये असं अमेरिकेच्या घरबांधणीच्या नियमावलीत स्पष्ट आहे, कारण लिंट तिच्यातच अडकते. तिथे हवी ती सहज हलणारी झडप. पक्ष्यांचा त्रास खरा आहे, तो मी भोगलाय, सांगते थांबा.

ताई: आमचा ड्रायर विजेवरचा. तीन वर्षांपूर्वी एक दिवस ड्रम फिरतोय पण हवा थंडगार. दुरुस्तीवाला आला, थर्मल फ्यूज उडालाय म्हणाला, बदलून पैसे घेऊन गेला. महिन्याने पुन्हा तेच. तोच माणूस, तोच फ्यूज, पुन्हा पैसे. तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलावलं. त्याने मशीनला हातही लावला नाही, आधी विचारलं, बाहेरची झडप कुठे आहे? झडप तुटलेली होती आणि आत कोपरापर्यंत वाळलेलं गवत. स्टार्लिंग नावाचे पक्षी असतात इथे, आपल्या साळुंकीच्या कुळातले, त्यांचं जुनं रिकामं घरटं. फ्यूज बिचारा त्याचं काम करत होता. मशीन फार तापलं की उडायचं, आग लागू द्यायची नाही, यासाठीच तर तो असतो. तो का उडतोय हे पहिल्या माणसाने बघितलंच नाही, याचा मला अजून राग येतो. आम्ही दोन मुलांसह त्या घरात झोपत होतो.

मावशी: बाई गं. हे तू कधी बोलली नाहीस.

मावशी: पण मग आमच्याही मशीनला ड्रायर आहे. त्याचा पाइप नुसता मोरीत सोडलाय. मागच्या बाजूचा. तो साफ करायचा का?

मी: मावशी, तुझं सेमी ऑटोमॅटिक आहे ना? शेजारचं छोटं भांडं कपडे गरगर फिरवून पिळतं, त्यालाही आपण ड्रायर म्हणतो. त्यात उष्णता नाही, मोरीतल्या पाइपातून पाणी जातं. तुला यातलं काही नाही. माझ्याकडे पावसाळ्यासाठी घेतलेला हीट पंपवाला आहे, त्यालाही बाहेर पाइप नसतो. वाफेचं पाणी होऊन टाकीत जमतं, ती ओतायची, दाराचे दोन्ही फिल्टर दर वेळी साफ करायचे. तेही चुकवलं तर कपडे ओलेच राहतात, अनुभव आहे.

ताई: आणि मावशी, घ्यायचाच झाला तर असाच घे. बाहेर पाइप काढावा लागणारा स्वस्त मिळाला म्हणून बंद न्हाणीघरात तसाच चालवू नकोस. दोन-तीन लिटर पाण्याची वाफ घरात सोडलीस तर भिंतींना बुरशी धरेल.

दादा: ताई, मी दुकानातून ब्रशचा संच आणतो. ड्रिलला लावायचे लांब दांडे मिळतात. मशीन पुढे ओढून आजच साफ करतो.

ताई: ब्रश आण, पण मशीन तू ओढू नकोस. विजेवरचा असता तर म्हटलं असतं, प्लग काढ आणि कर. मागे गॅसची लवचीक नळी आहे, ओढताना तिला ताण बसला किंवा पीळ पडला तर नवीन संकट. त्या कामाला जाणकार माणूस बोलाव. बाहेरच्या बाजूने तू करू शकतोस. जाळी काढ, तोंडाशी अडकलेलं हाताने काढ, मग ब्रश घाल. ड्रिल फक्त सरळ फिरव, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटं फिरवलंस तर दांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीत राहतो. आमच्या शेजाऱ्यांना त्यासाठी छत फोडावं लागलं.

वहिनी: आणि मी आत काय करू?

ताई: तू मशीनमधली लिंटची जाळी सिंकमध्ये नळाखाली धर. पाणी आरपार गेलं पाहिजे.

वहिनी: ताई, पाणी वरच थांबलंय! जाळी तर दिसायला स्वच्छ आहे.

ताई: कपड्यांना सुवास यावा म्हणून ड्रायर शीट टाकतेस ना? त्याचा मेणचट थर बसतो, डोळ्याला दिसत नाही. भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश. हलक्या हाताने, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसव.

आई: चादरी मी काढून जिन्याच्या कठड्यावर टाकल्यात. घरात हवा इतकी कोरडी आहे की ओठ फुटतात, थोडा ओलावा बराच.

रविवार रात्र. एडिसनला दुपार.

दादा: माणूस सकाळी येऊन गेला. सविस्तर लिहितो.

मशीन ओढल्यावर कळलं, मागे चांदीच्या कागदासारखा चुण्यांचा पाइप होता आणि मशीन भिंतीला टेकवताना तो चेपून चपटा झालेला. म्हणजे वाट दोन ठिकाणी बंद, इथे आणि बाहेरच्या जाळीशी. असल्या चुण्यांमध्ये लिंट अडकतेच, आणि पातळ असल्याने आत लिंट पेटली तर तो आग रोखत नाही. त्याने जागा मोजून ॲल्युमिनियमचा जाड, थोडासा वळणारा पाइप लावला. भिंतीतला पाइप चार इंची पत्र्याचा, गुळगुळीत, तो चांगला आहे. पण एका सांध्याला आतून स्क्रूचं टोक आलं होतं, त्याला लिंटचा गोळा लोंबत होता. स्क्रू काढून सांध्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. कापडी पट्टी उष्णतेने सुटते म्हणे.

एकूण निघालेली लिंट अर्धी बादली. तळाशी ओली, काळपट. आईने फोटो काढलाय.

नाना काका: भिंतीतला पाइप लांब किती?

दादा: सुमारे १८ फूट आणि दोन काटकोन. त्याने सांगितलं, नियमाने ३५ फुटांपर्यंत चालतो, पण प्रत्येक काटकोनाचे ५ फूट वजा करायचे. म्हणजे आमची मर्यादा २५, आपण आत आहोत. मर्यादेजवळ असतो तर वर्षातून दोनदा साफ करावा लागला असता, म्हणाला. आमचं वर्षाला एकदा पुरेल, मध्ये वेळ वाढला तर लगेच.

नाना काका: वेळ लिहून ठेव. आज टॉवेलांना किती मिनिटं लागतात ती भिंतीवर पेन्सिलीने लिही. वाढायला लागली की समजायचं. यापेक्षा साधी मोजपट्टी नाही.

वहिनी: लिहिलं. ४८ मिनिटं. आधी दोन फेऱ्या मिळून दोन तास जायचे.

ताई: छान. आता दोन गोष्टी, मी मोठी बहीण म्हणून हट्टाने सांगते. रात्री लावून झोपायचं नाही, आणि लावून बाहेर पडायचं नाही. आणि कधी आतून धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर दार उघडून बघायचं नाही. दार बंद राहिलं तर आत हवा कमी जाते. आईला घेऊन बाहेर, मग ९११.

दादा: हो ताई. आमच्या गल्लीत सगळी घरं एकाच बिल्डरची आहेत. मघाशी कचऱ्याचा डबा ठेवायला गेलो तेव्हा बघितलं, आणखी दोन घरांच्या झडपांवर तशीच जाळी आहे. एका घरी आजीआजोबा एकटेच राहतात. संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन सांगून येतो.

ताई: त्यांना फोटो दाखव. अर्धी बादली बघितली की पटेल.

मावशी: मी आत्ताच नणंदेला फोन केला, ती टेक्ससला आहे. तिची झडप छपरावर आहे म्हणते.

ताई: मावशी, मग तिने स्वतः वर चढू नये. माणूस बोलवावा. खालून बघताना ड्रायर लावला की झडपेतून वाफ निघते का, एवढं थंड सकाळी दिसतं.

आई: शाल घेऊन मी मागे जाऊन आले. झडप पूर्ण उघडते, हाताला गरम झोत लागतो. टॉवेल एका फेरीत वाळले, शिवणीसुद्धा. घड्या घालून ठेवलेत.