मदत हवी आहे: जुन्या डिझेल पिकअपची सगळी ऑइले आणि कूलंट एकत्रच बदलायचे आहे, कोणत्या दर्जाचे घ्यावे?

नमस्कार मंडळी,

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. दीड वर्षापूर्वी मी एक वापरलेली डिझेल पिकअप घेतली. गाडी २०१८ सालची, बीएस-४ आहे. तिला सुमारे अडीच लिटरचे टर्बो असलेले कॉमन रेल इंजिन, पाच गिअर आणि हायड्रॉलिक क्लच आहे, आणि मीटरवर आजवर १ लाख ३८ हजार किलोमीटर पडले आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि कोणती पिकअप चांगली यावरच दोन दिवस वाद चालतो. टोमॅटोच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतच्या बाजारात रोजची एक फेरी असते आणि द्राक्षांच्या हंगामात आठवड्यातून दोनदा वाशीला जावे लागते, म्हणजे भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि बहुधा रिकामी वर चढते.

आधीच्या मालकाने गाडीसोबत पुस्तिका दिली नाही आणि कोणते ऑइल केव्हा बदलले याची एकही नोंद त्याच्याकडे नव्हती. त्यामुळे येत्या हंगामाआधी इंजिन, गिअरबॉक्स, मागची हाउसिंग (मागच्या चाकांना ताकद देणारी डिफरन्शियलची पेटी), ब्रेक, क्लच, स्टिअरिंग आणि रेडिएटर असे सगळे एकदाच रिकामे करून नव्याने भरावे, असे मी ठरवले आहे. मात्र खरेदीला निघण्याआधी तीन गोष्टींचा उलगडा होत नाही.

पहिली गोष्ट गिअरची. मागच्या दिवाळीत गावातल्या एका मिस्त्रींनी गिअरबॉक्सचे ऑइल बदलले आणि त्याच बादलीतून मागच्या हाउसिंगमध्येही थोडे वर भरले. बादलीवर ईपी ९० आणि जीएल-५ असे लिहिले होते (९० हा जाडीचा ग्रेड, जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा). तेव्हापासून थंडीच्या दिवसांत सकाळी पहिले पाच-सहा किलोमीटर दुसरा गिअर खरखर करूनच पडतो आणि गाडी तापली की पुष्कळसा सुरळीत होतो. मिस्त्रींचे म्हणणे असे की जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा वरचा दर्जा आहे, तेव्हा त्याने नुकसान होणे शक्यच नाही, दोष क्लचचा असावा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मार्चमध्ये दीड टन माल घेऊन घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि दोन-तीनदा दाबल्यावरच पकड आली. कसाऱ्याजवळ चहासाठी अर्धा तास थांबलो, त्यानंतर पेडल पूर्ववत झाले. लायनर तपासून घेतले, ते चांगले आहेत आणि गळतीही कोठे नाही.

तिसरी गोष्ट कूलंटची. टाकीत जे आहे त्याचा रंग चहासारखा झाला आहे. आधीच्या मालकाने गुलाबी कूलंटमध्ये हिरवे मिसळले आणि मधूनमधून बोअरचे पाणीही घातले, असे त्यानेच सांगितले. आता नवे गुलाबी घ्यावे की हिरवे?

याशिवाय एक व्यवहाराचा प्रश्न आहे. माझ्या चुलतभावाकडे बीएस-६ पिकअप आहे. इंजिन ऑइलची वीस लिटरची एकच बादली दोघांत घ्यावी असे तो म्हणतो. माझ्या गाडीत आजवर १५डब्ल्यू-४० (जाडीचा ग्रेड), सीआय-४ प्लस (डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा) पडत आले आहे. एकच ऑइल दोन्ही गाड्यांना चालेल का? त्याशिवाय आमच्याकडे निफाडच्या बाजूला पारा फार खाली जातो, त्यामुळे हिवाळ्यासाठी आणखी पातळ ऑइल घ्यावे का, हेही जाणकारांनी सांगावे.

– वणीकर


वणीकर भाऊ,

मी सातपूरला सव्वीस वर्षे गाड्यांचेच काम करतो. आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

गिअरपासून सुरुवात करतो, कारण तिथे गैरसमज सर्वांत मोठा आहे. जीएल-४ आणि जीएल-५ या एकाच शिडीच्या दोन पायऱ्या आहेत असे समजू नये. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायने जास्त असतात, कारण ते मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांसाठी बनवलेले आहे, जिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रो रिंग असते आणि ती बहुतेक पितळी असते. गिअर पडायचा तर त्या रिंगला समोरच्या गिअरच्या शंकूसारख्या भागावर क्षणभर घासून दोन्हींचा वेग सारखा करावा लागतो. ऑइल गरजेपेक्षा निसरडे असले तर रिंगला पकडच मिळत नाही आणि दात दातावर आपटतात, तीच आपली खरखर. शिवाय त्यातल्या गंधकाची काही संयुगे तापलेल्या पितळेला हळूहळू खातात. त्यात आपल्या बादलीवर नुसते ९० होते, म्हणजे ते एकाच ग्रेडचे आहे आणि पहाटेच्या गारठ्यात काकवीसारखे घट्ट होते. ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ घ्या. बाटलीवर जीएल-४/५ असे दोन्ही लिहिलेले असेल तर ते गाडीच्या पुस्तिकेत चालते म्हणून दिलेले असल्याशिवाय घेऊ नका. याउलट मागच्या हाउसिंगमध्ये जीएल-५ च हवे, तिथे जीएल-४ भरले तर क्राऊन लवकर झिजतो.

जाता जाता सांगतो, ९० हा आकडा पाहून पुष्कळ लोक घाबरतात. गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत. ९० चे गिअर ऑइल हे जाडीला साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकेच असते.

जुने ऑइल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि उन्हात नेऊन पाहा. ड्रेन नटाच्या चुंबकाला बारीक काळी पावडर चिकटलेली असणारच, त्याची काळजी नको. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून सोनेरी चमक दिसली तर ती ऑइलमध्येच दिसेल, आणि ती सिंक्रो रिंगची असते. आणखी एक, खालचा नट सोडण्याआधी भरण्याचा वरचा नट निघतो की नाही ते पाहून घ्या. ऑइल सगळे काढून झाले आणि वरचा नट गंजून बसला आहे असे कळले, तर गाडी जागेवरच उभी राहते.

ब्रेकचे आपले वर्णन ब्रेक ऑइल उकळल्याचे आहे. लायनर तापून पकड सुटते तेव्हा पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाणे म्हणजे ऑइलमध्ये वाफ झाली आणि आपण वाफ दाबत होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांचीच हमी उरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्या गाडीत ते कदाचित २०१८ पासूनचेच असेल. टाकीच्या झाकणावर डॉट ३ असले तरी डॉट ४ घालता येते, कारण दोन्ही ग्लायकॉलचीच आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते घालू नये. चारही चाकांना नवे ऑइल येईपर्यंत हवा काढा, क्लचचेही त्याच वेळी करा आणि सील फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका. यापुढे दर दोन वर्षांनी हे काम करत जा. घाट उतरताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर ठेवा, हे आपल्याला ठाऊकच असेल.

पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याच्या झाकणावर लिहिले आहे तेच ऑइल भरा. तिथे ब्रेक ऑइल चुकूनही जाऊ देऊ नका, रबराचे सील फुगतात.

– सातपूरचा फिटर


वणीकर साहेब,

फिटरदादांनी गिअर आणि ब्रेक यांविषयी लिहिले, त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी वाहनांच्या वंगणांच्या व्यवसायात होतो, म्हणून इंजिन ऑइल आणि कूलंट यांपुरते लिहितो.

आपल्या चुलतभावांची बादली शक्य आहे, पण ती सीआय-४ प्लसची असून चालणार नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात सहसा काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ऑइल जळून उरणारी राख त्यात कायमची साचते. म्हणून सीके-४ या नव्या दर्जात या राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे, सीआय-४ मध्ये अशी मर्यादा नाही. उलट दिशेने अडचण येत नाही, कारण सीके-४ हे जुन्या सीआय-४ प्लसच्या जागी वापरता येईल असेच ठरवलेले आहे. जुने लोक आक्षेप घेतात की कमी राखेच्या ऑइलमध्ये आम्ल मारण्याची ताकद कमी असते. डिझेलमध्ये गंधक भरपूर होते तेव्हा तो आक्षेप खरा होता, पण १ एप्रिल २०२० पासून देशातल्या सर्व पंपांवर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचेच डिझेल मिळते, मग गाडी बीएस-४ असो वा बीएस-६. तेव्हा १५डब्ल्यू-४०, सीके-४ आपल्या गाडीला निश्चिंतपणे चालेल. भावांच्या गाडीची पुस्तिका मात्र आधी उघडा, कारण अनेक बीएस-६ पिकअपना याहून पातळ ग्रेड सांगितलेला असतो आणि तसे असेल तर एकत्र बादलीचा बेत सोडून द्यावा. एफए-४ लिहिलेले ऑइल मात्र आपल्या इंजिनात घालू नका, ते दिसायला सीके-४ चे भावंड असले तरी मागच्या पिढीच्या इंजिनांसाठी नाही.

थंडीची चिंता करू नये. १५डब्ल्यू ची स्टार्ट घेण्याची चाचणी उणे २० अंशांवर होते, त्यापुढे निफाडची थंडी म्हणजे काहीच नाही. ऑइल बदलल्यावर हजार किलोमीटरच्या आत ते काळे झाले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, डिझेल इंजिनात ते काळे व्हायचेच, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. फिल्टर त्याच वेळी बदला आणि रिकामा कॅन टाकून देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्याच कॅनमध्ये बनावट माल भरून विकला जातो.

कूलंटचा रंग हा दर्जा नसतो, तो कंपनीने घातलेला केवळ रंग असतो. गुलाबी किंवा हिरवे असे न विचारता आपल्या गाडीसाठी सेंद्रिय आम्लांचे मिश्रण सांगितले आहे की जुन्या पद्धतीचे सिलिकेटचे, ते पाहावे. दोन्ही मिसळल्याने इंजिन लगेच बंद पडत नाही, पण गंज रोखण्याची क्षमता झपाट्याने संपते, आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्यांत पापुद्रा बसतो. आपल्याकडचा चहाचा रंग गंजाचा आहे. सगळे काढा, बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड करून काढा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा.

यापुढे बहुतेकांची चूक होते. शेवटचे पाणी काढले तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरेच पाणी उरतेच. त्यावर तयार मिश्रण ओतले तर ते आणखी पातळ होते. म्हणून तयार मिश्रणाऐवजी कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) घ्या, यंत्रणेच्या एकूण क्षमतेच्या निम्मे तेच आधी ओता आणि मग डिस्टिल्ड पाण्याने पातळी पूर्ण करा. निम्मे-निम्मे प्रमाण आपल्याकडे गोठण्यासाठी नव्हे, तर उकळी लांबवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी लागते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असते, जनावरे ते पितात आणि दगावतात.

– घाटवाट


फिटरदादा आणि घाटवाट साहेब, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

स्पेअर पार्टच्या दुकानातून पुस्तिकेच्या पानाचा फोटो मिळाला. गिअरबॉक्ससाठी ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ आणि हाउसिंगसाठी जीएल-५ असे त्यात स्पष्ट छापले आहे. रविवारी गिअरबॉक्स रिकामा केला. ट्रेमधल्या ऑइलला उन्हात सोनेरी झाक दिसली, म्हणजे वर्षभरात थोडी झीज झालेली दिसते. नव्या ऑइलवर दुसरा गिअर चार दिवस सकाळी निमूटपणे पडतो आहे, फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घाईने आणला तर अजून किंचित कुरकुर होते. ब्रेक आणि क्लचचे ऑइल बदलले. मागच्या चाकांतून निघालेले ऑइल कॉफीसारखे होते. रेडिएटर चौथ्या वेळी स्वच्छ झाला. चुलतभावाच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० निघाले, त्यामुळे बादली दोघांत घेण्याचा बेत रद्द करून मी माझ्यापुरतेच सीके-४ आणले.

मागच्या हाउसिंगचे काम मात्र अडले आहे. फिटरदादांचे ऐकून आधी वरचा नट सोडायला गेलो, तर तो हलेना, आणि पाना घसरून नटाचे कोपरेही गोल झाले. खालचा नट उघडला नाही, हे नशीब. दादा, येत्या बुधवारी गाडी घेऊन सातपूरला आलो, तर तो नट आपल्याकडे काढून मिळेल का?

– वणीकर