मदत हवी आहे: ऊसतोड टोळीतल्या बाळांचे राहिलेले पोलिओ डोस

नमस्कार मंडळी. आमच्या गावाजवळ बीडकडची टोळी उतरली आहे. त्यांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांत) दोन वर्षांखालची बरीच मुलं आहेत, पण लसीकरणाची कार्डं बहुतेकांची गावाकडेच राहिलीत. आयांना विचारलं की उत्तर एकच, "पोलिओ पाजलाय की रविवारी!"

पण रविवारच्या पल्स पोलिओचे थेंब हे जादा असतात, नेहमीचं वेळापत्रक वेगळं. जन्मताच, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना थेंब, दीड वर्षाच्या आसपास बूस्टर, शिवाय ६ आणि १४ आठवडे आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर पोलिओचं इंजेक्शन. हे इंजेक्शनच बहुतेकांचं चुकलं असावं, असा माझा अंदाज.

आता अडचण अशी की कार्ड नसताना कोणता डोस झाला हे कळणार कसं? युविन या सरकारी लसीकरण नोंदीच्या पोर्टलवर आईच्या मोबाईल नंबरावरून नोंद सापडते का, कोणी पाहिलंय? नंबर तर दर हंगामाला बदलतात. नोंद नाहीच मिळाली तर इथलं उपकेंद्र नवीन कार्ड काढून डोस देतं का? आणि बाया पहाटेच फडात जातात, म्हणून संध्याकाळी सत्र ठेवायला कुणाला भेटावं, वैद्यकीय अधिकाऱ्यांना की आधी टोळीच्या मुकादमाला?

२०११ नंतर भारतात पोलिओच्या जंगली (नैसर्गिक) विषाणूचा रुग्ण नाही हे खरं, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे. आशाताई, सिस्टर किंवा साखरशाळेत (ऊसतोड मुलांच्या शाळेत) काम केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा. पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आत करायचंय.