विषय: शाळेतला पीएचडीचा अभ्यास – मुलं मोजायची की तुकड्या?

नमस्कार मंडळी,
लर्निंग सायन्सेसच्या (माणसं कशी शिकतात याचा अभ्यास) पीएचडीसाठी ठाण्यातल्या मराठी शाळेत अपूर्णांकांचा टॅबलेटवरचा पाठ तपासायचा आहे. सहावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी 40 मुलं. एकीला टॅबलेट, दुसरीला नेहमीचं शिकवणं. पुरेल का?

————
ताई, नाही पुरणार. एका तुकडीला बाई एकच, सराव एकच, त्यामुळे मुलांचे गुण एकमेकांसारखे होत जातात. हा सारखेपणा (0 ते 1 मध्ये मोजतात) 0.2 धरला तर तुकडीतल्या बाकीच्या 39 मुलांमुळे 1 + 39 × 0.2 = 8.8. 80 ला त्याने भागा, जेमतेम नऊ मुलांएवढी माहिती उरते. शिवाय दोनच तुकड्यांत फरक टॅबलेटचा की बाईंचा, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. मुलं नको, तुकड्या वाढवा.

तेवढ्या तुकड्या मिळत नसतील तर तुलना सोडा आणि अ‍ॅन ब्राउन, अ‍ॅलन कॉलिन्स यांनी 1992 मध्ये मांडलेल्या डिझाइन-बेस्ड पद्धतीने (पाठ वापरून बघायचा, सुधारायचा, पुन्हा वापरायचा) जा. तुकडी एक, फेऱ्या तीन. प्रत्येक फेरीआधी ‘अमुक बदलामुळे मुलं तमुक करतील, कारण…’ हे तारखेनिशी लिहून ठेवा. ते नसेल तर काम नुसती अ‍ॅपची दुरुस्ती ठरतं.

पूर्वचाचणी जुलैत घ्या. पाठ आणि उत्तरचाचणी यांच्यामध्ये गणपतीची सुट्टी येऊ देऊ नका. 35 मिनिटांच्या तासात टॅबलेट वाटप आणि लॉगिन वजा जाता 25 धरा.
– ठाणे

————
लॉगबद्दल, म्हणजे मूल काय करतं याच्या टॅबलेटवर आपोआप होणाऱ्या नोंदींबद्दल, माझी भर. टॅबलेटची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ चुकू शकतं आणि ऑफलाइन नोंदींत उत्तर प्रश्नाच्या आधी दिसतं. म्हणून वेळेसोबत प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्याच. आयडी टॅबलेटला नव्हे, मुलाला. दोघं मिळून वापरत असतील तर जोडीला वेगळा.

90 सेकंद मूल विचार करत होतं की शेजाऱ्याशी बोलत होतं, हे लॉगमध्ये नसतं. चार-पाच जोड्यांचं चित्रीकरण करा. ‘1/2 + 1/3 = 2/5’, म्हणजे अंशात अंश, छेदात छेद, अशा चुकांचे प्रकार आधी ठरवा. चित्रीकरणाचा साधारण 20 टक्के भाग दोघांनी एकमेकांचं न बघता तपासा आणि कोहेनचा कप्पा (दोघांचं मत योगायोगापलीकडे किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढा, 0.7 च्या खाली आला तर व्याख्या सैल आहेत, त्या घट्ट करून पुन्हा तपासा.

चित्रीकरणाची संमती वेगळी मागा. पालकांची लेखी, मराठीत. मुलाचा होकारही हवा. 2023 च्या डिजिटल डेटा कायद्यात 18 खालचं प्रत्येक जण मूल आहे. पालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांआधी पालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करा.

मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीहून खाडीपलीकडे पहिल्याच स्टेशनाजवळ आहे. अपूर्णांकांवर तिथे संशोधन झालंय. प्रश्नपत्रिका बनवण्याआधी ते वाचा.
– वाशी