आबांना जोतिबाला पायी जाऊ द्यावं का? उन्हाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव करवीर तालुक्यात. आबा ६९ वर्षांचे. चैत्र पौर्णिमेला गावच्या सासनकाठीबरोबर (देवाच्या मानाची उंच काठी) जोतिबाच्या डोंगरावर पायी जायचा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. यंदाही जाणारच म्हणतात. मागच्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर मला झोप लागत नाही.

दुपारी बाराच्या सुमारास आडसाली उसाला पाणी पाजायला गेले होते. दिवसाची लाईट त्याच वेळेला येते, त्यामुळं उन्हं उतरायची वाट बघता येत नाही. दीडला मी जेवायला हाक मारायला गेलो, तर बांधावर बसलेले. अंगरखा घामानं चिंब, पोटऱ्यांत गोळे, मळमळ आणि उठलं की डोळ्यापुढं अंधारी. सावलीत आणलं, ओल्या टॉवेलनं अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभरात बरे झाले. "उसात कुठं ऊन लागतंय, गारवा असतोय," असं त्यांचं म्हणणं. पण पाणी पाजलेल्या उंच उसाच्या सरीत वारा नसतो, हवा दमट असते, घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं, हे त्यांना कसं पटवू?

त्यांना बीपीच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. वाटेत अडचण नको म्हणून यात्रेदिवशी ते पाणीच कमी पितात. गोळी त्या दिवशी बंद ठेवावी का? पाणी किती द्यावं? आणि खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, यावर त्यांचा फार भरवसा आहे.

प्रतिसाद
दादा, मी ग्रामीण भागात नर्स आहे. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्या गोळीनं अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, म्हणून उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना यात्रेच्या आधीच विचारा. पाणी किती प्यायचं तेही विचारा, कारण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हिशेब वेगळा असतो. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची, अर्धी अर्धी करून नाही. त्यात मीठ असतं, म्हणून बीपीवाल्यांनी रोज उगीच पिऊ नये. कांदा खिशात असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

बांधावर झालं तो उन्हाचा थकवा होता. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. उष्माघात याच्या पुढचा असतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, झटके आले किंवा बेशुद्ध झाला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर १०८ ला फोन करा आणि गाडी यायच्या आत गार करायला सुरुवात करा. कपडे सैल करून अंगभर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत ठेवा. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. कष्टाचं काम करताना घाम येत असतानाही तो होतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही.

प्रतिसाद
आमच्या काकांना "येऊ नका" म्हटलं की ते हट्टानं यायचे. मग तालमीच्या पोरांनी काठी निघायच्या आदल्या रात्री त्यांना गाडीनं वर नेलं. पहाटे गर्दी वाढायच्या आत दर्शन झालं आणि काठी वर आली तेव्हा नारळ वाढवायचा मान त्यांना दिला. काका खूश. तुमच्या गावात असं काही जमतंय का बघा. मान काढून घेऊ नका, फक्त दुपारची चढण काढून घ्या.

धागाकर्ता
ताई, दादा, मनापासून आभार. काठीच्या मंडळींशी बोललो, ती तयार आहेत. आबा अजून गप्प आहेत, पण नारळाचं ऐकून "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं तरी पुष्कळ. शनिवारी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडं नेतोय. उसाच्या पाण्याचं मात्र अजून सुटलेलं नाही, लाईट दुपारचीच आहे. तोवर पाणी मीच पाजतो. कुणी दुपारच्या पाळीत काम कसं निभावता ते सांगाल का?