'आपल्यातला' म्हणजे नेमका कुणातला?

मामेबहिणीने लग्न ठरवलं तेव्हा आजीचा पहिला प्रश्न, "आपल्यातला का गं?" बहीण म्हणाली, "हो, आपल्याच माटुंग्यातला." मुलगा तमिळ. मामाने १९६६ नंतरच्या, शिवसेनेच्या सुरुवातीच्या दिवसांत दाक्षिणात्यांविरुद्ध घोषणा दिलेल्या, त्यामुळे घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला मात्र शब्दच छळत राहिला. जात, भाषा, पक्ष, की नुसती गल्ली? आणि तीच आजी दुसऱ्या वाक्यात 'आमच्यात' का म्हणते?

— 'आम्ही' ऐकणाऱ्याला दाराबाहेर ठेवतं, 'आपण' त्याला आत घेतं. "आमच्यात मंगळवारी मटण नाही" हे पाहुण्याला. "आपल्यात नाही" हे घरच्या पोराला. गुजरातीत अमे आणि आपणे, तमिळमध्ये नांगळ आणि नाम, असाच भेद आहे. म्हणजे तुमच्या तमिळ व्याह्यांना हा टोमणा न शिकवता कळत असणार!

— मी माहीमची, सासर मुसलमान, घरात हिंदी. तिथे सगळंच 'हमारे में'. त्यात मी धरलेय की नाही, हे कळायला चेहरे वाचावे लागायचे. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४चा) लग्न केलं. नोटिशीचे ३० दिवस माहेरचे 'तुमच्यात' आणि सासरचे 'हमारे में' ऐकण्यात गेले. (लोक त्याला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात. मला तर न्यायाधीश कुठे दिसला नाही, रजिस्ट्रारच्या टेबलावर सही केली.) पुढे एकदा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "अपन लोग में बहू काम पे जाती है." मुंबईच्या हिंदीत 'अपन' आहे, हे नशीबच.

— पक्षातही हेच. 'आपला माणूस' म्हणजे कुणाला वगळलंय ते आधी बघावं.

— मूळ प्रश्न माझाच, म्हणून पुढचं सांगतो. मामी जावयाला कित्येक वर्षं "तुमच्यात काय करतात?" असंच विचारायची, प्रेमाने, पण 'तुमच्यात'. एका गणपतीत नैवेद्याचं केळीचं पान मांडताना ती अडली. टोक कुठल्या बाजूला? जावई बटाटे सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "डावीकडे. आपल्यात तसंच असतं ना."

मामाने पुढे होऊन पान फिरवलं.