लोकप्रतिनिधींनी 'बाधित कुटुंबां'ना चर्चेला बोलावलंय. तीन मिनिटांत काय सांगावं?

थोरली बहीण

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. चित्रांच्या तक्त्यावर नजर रोखून तो हो-नाही, हवं-नको सांगतो. त्याचं सगळं मी आणि आई करतो.

अपंग व्यक्तीची घरी काळजी घेणाऱ्यांना भत्ता देण्याचं धोरण तयार होतंय. त्यावर आमच्या लोकप्रतिनिधींनी काही कुटुंबांना चर्चेला बोलावलंय. त्यांच्या कार्यालयातून फोन आला. बोलणारा मुलगा नम्र होता. म्हणाला, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतील, तुमची कहाणी सांगा, आणि भावाला घेऊन आलात तर फार परिणाम होईल. त्या शेवटच्या वाक्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

आमची नेमकी अडचण अशी. भावाची पेन्शन चालू राहायला दर वर्षी हयातीची नोंद करावी लागते, यंत्रावर बोट ठेवून. त्याची मूठ कायम आवळलेली असते. जोर लावून उघडायला गेलं की कळ जाते, अख्खा हात ताठ होतो आणि ठसा उमटत नाही. खिडकीवरचा माणूस म्हणतो, पुढच्या आठवड्यात या. दुसरा मार्ग नियमात आहे का, हे त्यालाही ठाऊक नसतं. मग पेन्शन थांबते, आणि ती पुन्हा सुरू करायचा अर्ज वेगळाच असतो. नव्या धोरणाच्या मसुद्यात भत्त्यासाठीही हीच अट आहे, शिवाय काळजी घेणाऱ्याने कुठेही नोकरी करायची नाही.

याआधी अशाच एका बैठकीत आई बोलली होती. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले, एका पुढाऱ्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. पुढे काहीही हललं नाही.

भावाला न्यावं का? कहाणी सांगावी की मागणी मांडावी? आणि आपलं खरंच ऐकलं गेलं, हे नंतर कशावरून ओळखायचं?

टिपणवाला

मी बरीच वर्षं एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात टिपणं लिहिली. अशा बैठकीत कोपऱ्यात वही घेऊन बसलेला असतो तो मी. ताई, तुमची तीन मिनिटं त्या वहीवाल्यासाठी वापरा.

कारण सांगतो. बैठक संपली की लोकप्रतिनिधी पुढच्या कार्यक्रमाला जातात. रात्रीपर्यंत त्यांना आणखी कितीतरी माणसं भेटलेली असतात, तीही तितकीच अडचणीतली. दुसऱ्या दिवशी उरतं ते टिपणात उतरलेलं तेवढंच. आणि कामाची ओळ तीच, जी कुणाला तरी काही करायला सांगते: अमुक खात्याकडे खुलासा मागावा, अमुक अट बदलावी, अमुक आदेशाची प्रत मागवावी. 'कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे' ही ओळ मी असंख्य वेळा लिहिली. ती खरी असते, लिहिताना हात जड होतो, पण ती वाचून कुठल्याच टेबलावरचा माणूस काही करू शकत नाही. तुमच्या आईंच्या बोलण्याचं बहुधा हेच झालं असावं. त्यांच्या बोलण्यात काही कमी होतं म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याने त्यांना 'मग नियमात काय बदलू?' असं विचारायला हवं होतं. तो प्रश्न विचारणं हे बोलावणाऱ्याचं काम होतं.

तुमच्याकडे मात्र ती मूठ आहे. नियम लिहिणाऱ्याने 'ठसा घ्यावा' एवढे दोनच शब्द लिहिले. न उघडणारी मूठ त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाही, आणि खात्याच्या कुठल्याही तक्त्यात ती दिसत नाही. तिथे फक्त 'लाभार्थी नोंदीस हजर नाही' एवढंच दिसतं. हजर असलेला माणूस कागदावर गैरहजर होतो! ही गोष्ट धोरण करणाऱ्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? नियम काय म्हणतो, खिडकीवर प्रत्यक्षात काय घडतं आणि त्याऐवजी काय चालेल, या क्रमाने बोला. डोळ्याच्या बुबुळाची नोंद हा एक पर्याय सुचवता येईल.

जाण्याआधी त्या नम्र मुलाला फोन करा. मसुदा कोणत्या टप्प्यावर आहे आणि यातलं काय अजून बदलू शकतं, हे विचारा. खात्याचा अधिकारी येणार आहे का? इतिवृत्त कोण लिहिणार, आणि ते आलेल्यांना मिळणार का? अधिकारी येणार असेल तर तो हमखास म्हणेल, 'असं होत नाही, पर्यायी व्यवस्था आहे.' म्हणून पेन्शन थांबल्याचा संदेश, परत पाठवल्याची तारीख, काय असेल ते कागदावर न्या.

आणखी एक. लोकप्रतिनिधी एकट्याने नियम बदलू शकत नाहीत. सभागृहात प्रश्न विचारता येतो, दुरुस्ती सुचवता येते, मंत्र्यांना पत्र लिहिता येतं, समितीपुढे विषय नेता येतो. यातली एकच गोष्ट मागा, नाव घेऊन. 'काहीतरी करा' म्हटलं की 'नक्की बघतो' एवढंच उत्तर मिळतं.

भावाला नेऊ नका, असं माझं मत आहे. कुणाला दाखवून परिणाम साधायचा, हे मला तिथे काम करतानाही सहन व्हायचं नाही.

पांढरी काठी

मी जन्मांध आहे आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करते. ताई, भावाला न्यावं का हे तुम्ही आम्हाला विचारलंत, आणि वरच्या दादांनी उत्तरही देऊन टाकलं. त्याला कुणी विचारलं का?

तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही दोघी करता ते मला ठाऊक आहे; माझ्यासाठीही कुणीतरी ते केलंय. पण या चर्चेत 'बाधित' तुम्हीही आहात आणि तोही, आणि दोघांचं म्हणणं एकच असेल असं धरून चालू नका. भत्ता काळजी घेणाऱ्याच्या नावावर येणार. त्याला कदाचित वाटत असेल की पैसे आपल्या हाती यावेत आणि मदतनीस आपण निवडावा. कदाचित बहिणीने नोकरी करावी असं त्याला वाटत असेल. कदाचित जे आहे तेच बरं वाटत असेल. ३१ वर्षांच्या माणसाचं मत घेतल्याशिवाय त्याच्या घरातली व्यवस्था ठरू नये.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ साली संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटलंय की अपंगांशी संबंधित निर्णय घेताना सरकारांनी अपंग व्यक्तींशी, अपंग मुलांशीसुद्धा, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत सल्लामसलत करावी आणि त्यांना सक्रियपणे सामील करून घ्यावं. 'आमच्याविना आमच्याबद्दल काही नको' ही आमच्या चळवळीची घोषणा. त्यातला 'आम्ही' म्हणजे आमचे पालक नव्हेत. हे पालकांना लागतं, तरी सांगावंच लागतं.

त्याला यायचं असेल तर कार्यालयाला आधीच कळवा. चाकाची खुर्ची आत जायला हवी. तक्त्यावर उत्तर द्यायला वेळ लागतो, तेव्हा त्याला तीन मिनिटांची अट नको. प्रश्न त्याच्याकडे बघून विचारायचे, तुमच्याकडे नव्हे. त्याने होकार दिल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नको म्हणाला तर विषय संपला, त्याचं म्हणणं तुम्ही लिहून न्या.

बुबुळाच्या पर्यायाबद्दल: मान आणि डोळे स्थिर राहत नसतील तर तेही यंत्र काम करणार नाही. एका यंत्राऐवजी दुसरं यंत्र मागू नका. यंत्राविना ओळख पटवण्याचा मार्ग नियमातच लिहून मागा, म्हणजे घरी येऊन खात्री करणं किंवा डॉक्टरांचा दाखला.

उंबरठा

मी तर म्हणेन, जाऊच नका. निर्णय झालेला असतो. नंतर अहवालात 'बाधितांशी चर्चा केली' असं लिहायला तुमचे चेहरे लागतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे पाहिलंय, आणि तो राग अजून गेलेला नाही.

कलम आणि कागद

कायदा शिकवते, म्हणून 'निर्णय आधीच झालेला असतो' यावर थोडं लिहिते. न्यायालयांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतलेला आहे.

इंग्लंडमध्ये १९८५ च्या एका खटल्यापासून सल्लामसलतीच्या चार कसोट्या मानल्या जातात. प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारावं. विचारपूर्वक उत्तर देता येईल एवढी कारणं त्यांच्यापुढे ठेवावीत. पुरेसा वेळ द्यावा. आणि आलेली मतं अंतिम निर्णयाआधी मनापासून लक्षात घ्यावीत. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनमधल्या हॅरिंगे या स्थानिक संस्थेविरुद्धच्या खटल्यात या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. कमी उत्पन्नाच्या घरांना स्थानिक करात मिळणारी सवलत कमी करायची होती. संस्थेने लोकांना विचारलं, पण कर थोडा वाढवणं, राखीव निधी वापरणं, दुसरीकडे खर्च कमी करणं हेही पर्याय होते, हे सांगितलंच नाही. दाद मागणाऱ्या दोन एकल माता होत्या. न्यायालयाने ती सल्लामसलत बेकायदेशीर ठरवली. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने तर २००६ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहाने लोकांना सहभागाची वाजवी संधी दिली नाही म्हणून संमत झालेले कायदेच अवैध ठरवले.

हे निकाल तुमच्या बैठकीला थेट लागू होतील असं मी म्हणत नाही. पण 'कोणते पर्याय विचारात घेतले आणि ते का सोडले?' हा प्रश्न तुम्ही तिथे विचारू शकता. उत्तर देता आलं नाही, तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

माजी सदस्य

मी काही वर्षं निवडून आलेला सदस्य होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसायचो. 'उंबरठा', तुमचा राग समजतो आणि तो बऱ्याचदा रास्त असतो. तरी ताईंनी जावं असं मला वाटतं.

पलीकडून काय दिसतं ते सांगतो. वित्त खात्याने आकडा दिलेला असतो, त्या आकड्यात किती कुटुंबं बसतील याची ओढाताण चालू असते. 'नोकरी करायची नाही' ही अट बहुतेक वेळा त्यातूनच येते, कुणाच्या दुष्टपणातून नव्हे. पण ती अट घरात काय करते, हे आम्हाला खरोखर माहीत नसतं. दुसरी गोष्ट मला जास्त छळायची. खोलीत येतात ते येऊ शकणारे. ज्या घरात काळजी घेणारं एकच माणूस आहे, ते रुग्णाला कुणाकडे सोपवून येणार? आणि आलेल्यांवरून आम्ही न आलेल्यांचा अंदाज बांधायचो. ताई, तुम्हाला अशी घरं माहीत असतील तर त्यांचं म्हणणं लिहून न्या आणि ते कशामुळे येऊ शकले नाहीत हेही सांगा.

बैठकीची मांडणीही महत्त्वाची. आयर्लंडमध्ये २०१२ ते २०१४ या काळात राज्यघटनेवरच्या अधिवेशनात १०० जण होते: चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेले ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. गोल टेबलांभोवती सगळे मिसळून बसायचे. समलिंगी विवाहाला घटनेत मान्यता द्यावी ही शिफारस तिथून आली आणि २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी ती स्वीकारली. तिथे राजकारणी यजमान नव्हते, नागरिकांइतकेच सभासद होते, आणि शिफारशीला ठराविक मुदतीत उत्तर देण्याचं सरकारने आधी कबूल केलं होतं. तुमच्या लोकप्रतिनिधी एवढं सगळं नाही करू शकणार, पण उत्तराची तारीख देऊ शकतात. ती मागा.

थोरली बहीण

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यालयात फोन केला. मसुद्यावर अजून हरकती घेतायत. ठशाची अट मसुद्यात एका ओळीत आहे आणि तपशील नंतर नियमांत येणार आहेत. खात्याचा अधिकारी येणार आहे. इतिवृत्त द्यायची पद्धत नाही, पण तो मुलगा म्हणाला, मी विचारून सांगतो.

भावाला विचारलं. यायचं म्हणाला. फोटो नको म्हणाला, दोनदा, ठामपणे. मग पैसे कुणाच्या नावावर यावेत असं विचारलं, तर त्याने स्वतःच्या चित्रावर नजर रोखली. मी चित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारलं, तरी तेच. आईला हे अजून पटलेलं नाही, आमच्या घरात त्यावर बोलणं चालू आहे. बैठकीत त्याचं म्हणणं तो सांगेल, माझं मी सांगेन, आणि दोन्ही वेगळी आहेत हेही सांगेन.

माझा मजकूर असा लिहिलाय, बघा जमलाय का:

'हयातीच्या नोंदीसाठी ठसा लागतो. माझ्या भावाची मूठ उघडत नाही, त्यामुळे अनेकदा नोंद होऊ शकली नाही आणि पेन्शन थांबली. ज्यांचा ठसा घेता येत नाही त्यांची ओळख घरी येऊन किंवा डॉक्टरांच्या दाखल्यावर पटवावी, असं धोरणातच लिहावं. काळजी घेणाऱ्याला अर्धवेळ कामाची मुभा असावी. कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.'

टिपणवाला

'अनेकदा' काढा, तिथे पेन्शन थांबल्याची तारीख घाला. शेवटचं वाक्य पूर्ण काढा आणि त्या जागी लिहा: 'ही दुरुस्ती आपण सुचवणार का, हे आम्हाला अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावं.' 'नोंद होऊ शकली नाही'च्या जागी 'कार्यालयात हजर असूनही नोंद घेतली गेली नाही' असं हवं. दोन प्रती करा, एक अधिकाऱ्याला द्या आणि दुसरीवर पोच घ्या. भावाला नेऊ नका हे माझं म्हणणं मी मागे घेतो. 'पांढरी काठी' यांचं बरोबर आहे. त्याचं म्हणणं वेगळ्या कागदावर, त्याच्या नावाने द्या, म्हणजे टिपणात त्याची ओळ वेगळी येईल.